खाली बसून ऐकायचं

शेपू, शेवगा, सुरण, चवळी, चुका.

माइक हातात आला की काका ही यादी म्हणायचे. बाकीचे साऊंडवाले हॅलो हॅलो करतात, वन टू थ्री करतात. काकांना त्याचा राग होता. "वन झालं की टू येणार हे सगळ्यांना माहीत असतं," ते म्हणायचे. "पुढचं माहीत असलं की माणूस ऐकत नाही, ताई. नुसता बसून राहतो. भाजी कुठली येणार ते कुणाला माहीत नसतं." आणि भाज्याही कुठल्याही चालायच्या नाहीत. त्यात स, श, च पाहिजेच. भोपळा त्यांच्या यादीत कधी आला नाही. भोपळा भिंतीपलीकडूनही ऐकू येतो म्हणायचे. शेपू पोचला तर सगळं पोचलं.

ते पुढे उभं राहून एकेक भाजी म्हणायचे, रोज वेगळ्या क्रमाने, आणि मी बायकांच्या शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसून ऐकायचे. शब्द नीट कळला तर पदर खांद्यावर तसाच ठेवायचा. कळला नाही तर डोक्यावरून घ्यायचा. ही खूण त्यांनीच काढली होती. बायकांत बसलेल्या बाईने पदर घेतला काय आणि नाही घेतला काय, कोण बघतंय?

दोन वर्षं मी त्यांचा कान होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, एकदा सोडून. त्या एकदासाठी लिहायला बसले आहे.

मी भाईंदर पूर्वेला घरोघरी पोळ्या करते. शाळा चौथीपर्यंत, रत्नागिरीकडच्या आमच्या गावात. लिहिता-वाचता येतं, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा बंद होतो. ज्या घरी कामाला जाते त्या इमारतीत सत्यनारायण होता. मला प्रसादाचे द्रोण भरायला बसवलं होतं. साऊंड काकांचा होता. आरतीच्या आधी माइकने शिट्टी मारायला सुरुवात केली. अशी शिट्टी की भटजींनी पोथी सोडून कानावर हात ठेवले. सगळे ओरडतायत, "काका, शिट्टी! शिट्टी!" आणि काका पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून, मानेवर नॅपकिन टाकून, मशीनकडे बघत शांत हसतायत. त्यांनी एक बटण फिरवलं. शिट्टी वाढली.

मी त्यांच्या अगदी जवळ बसले होते. उठून त्यांच्या उजव्या कानापाशी म्हटलं, "काका, चौरंगाच्या बाजूच्या स्पीकरच्या डब्यातून येतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरं बटण फिरवलं. "अजून?"

"हो."

"आता?"

"गेली."

सगळं आटपल्यावर वायरी गुंडाळताना ते माझ्यापाशी आले. "ताई, एक विचारू? कुणाला बोलणार नाही ना?"

"काय?"

"मला ती शिट्टी ऐकूच आली नाही."

पस्तीस वर्षं मोठमोठ्या डब्यांच्या शेजारी उभं राहून त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता. उजव्या कानाला जाड आवाज यायचा, बारीक आवाज यायचा नाही. गाण्यातलं निम्मं मी ऐकतो आणि निम्मं आठवतो, असं म्हणायचे. "पण साऊंडवाल्याला ऐकू येत नाही हे कळलं की संपलं. आंधळ्याच्या रिक्षात कोण बसेल?"

मी म्हटलं, "नाही बोलणार कुणाला." त्यानंतर प्रत्येक कामाला ते मला सोबत नेऊ लागले.

मी ज्या घरांत पोळ्या करते तिथे मला ए बाई म्हणतात, मावशी म्हणतात, पोळीवाली म्हणतात. काका मला पहिल्या दिवसापासून ताई आणि तुम्ही म्हणाले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असून. "अहो ताई, तुम्हाला काय वाटतं?" असं मला कुणी विचारलं नव्हतं तोपर्यंत. सुरुवातीला मला वाटायचं मागे कुणी दुसरं उभं आहे.

काम घ्यायच्या आधी ते हॉल बघायला जायचे आणि हॉलमध्ये जाऊन खाली बसायचे. खुर्चीत नाही, जमिनीवर. एका कोपऱ्यात बसायचे, मग उठून दुसऱ्या कोपऱ्यात, मग मधोमध. एका हॉलच्या वॉचमनने विचारलं होतं, "अंकल, कुछ गिर गया क्या?" काका म्हणाले, "नहीं भाई, कान रख के देख रहा हूँ." वॉचमन माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवत हसला. मला लाज वाटली होती. काकांना लाज ही गोष्टच माहीत नव्हती.

त्यांचं म्हणणं असं की स्पीकर बनवणारे लोक खुर्चीत बसणारे असतात आणि विकत घेणारे उभे राहणारे असतात. "आपल्या बायका बसतात खाली. बारसं असो, डोहाळजेवण असो, पूजा असो. म्हणजे कान कुठे आला? इथे." आणि हात आपल्या मांडीपाशी धरून दाखवायचे. "उभं राहून ऐकलंत तर ते तुमचं ऐकणं झालं. त्यांचं नाही. खाली बसून ऐकायचं."

त्यांच्या मशीनशेजारी एक पत्र्याची छोटी पेटी असायची. तिच्यावर मोठं लाल गोल बटण. तिची वायर कुठेच गेलेली नव्हती. कार्यक्रमात दोन-चार पोरं येणारच, "काका, बेस वाढवा ना यार." काका गंभीर चेहऱ्याने ते लाल बटण फिरवायचे. "आता?" पोरं मान हलवायची, "हां, आता कसं! एकदम कडक!" मला मागे बसून हसू आवरायचं नाही आणि हसू दाबायला पदर तोंडाशी न्यायचीही सोय नव्हती. काका लगेच धावत आले असते.

काकूंना मात्र या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या घरी गेले की त्या म्हणायच्या, "तू दोन वर्षं झाली कान झालीस. मी वीस वर्षं यांच्या उजव्या बाजूला बसतेय. लग्नात भटजींनी डाव्या बाजूला बसवलं होतं, तेव्हा डावा कान चालू होता."

मग काकांचे गुडघे गेले.

जुने डबे मोठे, दोघांनी उचलायचे. पूर्वेला निम्म्या इमारतींना लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरचं बारसं म्हटलं की काका जिन्यात दर वळणावर डबा टेकून उभे राहायचे आणि भिंतीवरची थुंकण्याबद्दलची पाटी वाचत असल्याचं दाखवायचे. शेवटी त्यांनी ठरवलं की आता उभा कॉलम घ्यायचा. म्हणजे खाली एक डबा आणि त्यावर एकात एक बसणारे दोन-तीन सडपातळ तुकडे. जोडला की माणसाहून थोडा उंच खांब. सोडवला की एका पिशवीत तुकडे, एका हातात डबा, एका खेपेत वर. आवाज वर-खाली फार जात नाही, आडवा पसरतो, म्हणून पुढच्याचा कान फुटत नाही आणि मागच्याला कमी पडत नाही. माइक घेऊन समोर उभं राहिलं तरी सहसा शिट्टी मारत नाही. काकांना तर तो त्यांच्यासाठीच बनवलेला वाटला.

पण घेताना त्यांनी चार महिने घेतले. दुसऱ्या कुणी चार दिवस घेतले असते. कुठल्या मॉडेलचं वजन किती ते कागदावर लिहून आणायचे आणि वाण्याकडून तेवढ्याच वजनाचे तांदूळ पोत्यात भरून घ्यायचे. मग ते पोतं घेऊन गच्चीपर्यंत चढायचे. आज चौदा किलो, उद्या सोळा किलो. वर पोचल्यावर नाडी मोजायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकी दारातून विचारायच्या, "काका, राशन गच्चीवर ठेवता काय? उंदीर खाऊन जाशे!" काका थांबून सांगायचे, "राशन नाही बेन, स्पीकर आहे." त्यावर त्या काय समजल्या कोण जाणे. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "काकांना बरं नाय का?"

रिक्षाची मागची जागा त्यांनी टेपने मोजली. एका रिक्षावाल्याने विचारलं, "चाचा, सीट बदलना है?" काका म्हणाले, "नहीं, स्पीकर को बिठाना है. वो आपके पीछे बैठेगा, ये ताई उसके बाजू में, मैं आपके पास." रिक्षावाला म्हणाला, "पहले स्पीकर तो लाओ, चाचा."

शेवटी दोन मॉडेल उरली. दोन्ही मीरा रोडच्या एका मोठ्या शोरूममध्ये होती. एक अगदी सरळ खांब, चौदा किलो, आत बॅटरी. दुसरा सोळा किलो, बॅटरी नाही, आणि त्याचा खांब खालच्या टोकाला किंचित पुढे वाकलेला. काका म्हणाले, "हे वाकलेलं शोभेला नाही. खाली बसलेल्यांसाठी आहे, असं ते म्हणतात. खरं की खोटं ते तुम्ही सांगायचं. मी बसलो काय, उभा राहिलो काय, मला दोन्ही सारखेच."

शोरूमच्या काचेच्या दाराबाहेर मी सवयीने चप्पल काढली. आतली फरशी आरशासारखी होती, एसीने पाय गार पडले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अरे आंटी, चप्पल पहन के आओ, मंदिर थोडी है!" आणि त्याच्या शेजारची मुलगी हसली. वाईट नाही हसली, पण हसली. बाहेर जाऊन चप्पल घालून परत यायचं म्हणजे सगळ्यांसमोरून दोनदा जायचं. मी अनवाणीच राहिले.

दोन्ही खांब कमरेएवढ्या उंच ओट्यावर ठेवलेले होते. काकांना तेच हवं होतं. "स्टेजवर ठेवला तर खाली बसलेल्याला शब्द कळतो का, हे बघायचंय," त्यांनी त्या माणसाला सांगितलं आणि माइक मागून घेतला. त्याला वाटलं हे गाणार. मग काका माझ्याकडे वळले आणि शोरूमच्या मधोमध, जाड आवाजात म्हणाले, "ताई, तिकडे मागे जा आणि खाली बसा."

तिथे पाच-सहा गिऱ्हाइकं होती. हातांवर गोंदवलेली दोन मुलं हेडफोन लावून काहीतरी बघत होती, त्यांनी हेडफोन काढले. सगळे बघायला लागले, आता ही बाई खाली बसणार. माझ्या टाचांना भेगा होत्या, साडीला सकाळच्या कणकेचा डाग होता.

मी मागे गेले. मागे एक मोठा रॅक होता, केबल लटकवलेला. मी त्याच्यामागे गेले, जिथून काका मला दिसत नव्हते, आणि तिथे उभी राहिले.

"शेवगा," काका म्हणाले. मला स्वच्छ ऐकू आलं. "चुका. सुरण." सगळं ऐकू आलं. दुसऱ्या खांबावरूनही सगळं ऐकू आलं.

बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बसून ऐकलंत?"

"हो."

"दोन्हीवर कळला शेपू?"

"दोन्ही सारखेच आहेत, काका."

त्यांनी चौदा किलोचा सरळ खांब घेतला. दुकानदाराने त्यांना पिशवी फुकट दिली आणि मला कोल्ड्रिंक दिलं. मी ते प्यायले.

पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की मी त्यांच्या गुडघ्यांचा विचार केला. दोन किलो कमी म्हणजे चार मजल्यांत केवढा फरक. हे खोटं आहे. त्या वेळी माझ्या मनात काकांचे गुडघे आलेच नाहीत. माझ्या टाचा होत्या फक्त.

त्यानंतरचे तीन महिने इतके चांगले गेले की मी ते विसरूनही गेले. घरातली बारशी, सोसायटीच्या खोलीतली डोहाळजेवणं. खांब जमिनीवर उभा असायचा, बायका जमिनीवर असायच्या, शेपू सगळीकडे पोचायचा. रिक्षात स्पीकर माझ्या बाजूला बसायचा, काका पुढे. ते मागे वळून त्याला विचारायचे, "बरे आहात ना?" जिन्यातल्या पाट्या त्यांनी वाचायच्या सोडल्या.

मग भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावातली हळद आली.

हळद दुपारची होती. घरासमोर मांडव, एका बाजूला छातीएवढं उंच स्टेज, फुलांनी सजवलेलं. खाली ताडपत्रीवर बायका इतक्या दाटीने बसल्या होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती. नवऱ्या मुलाच्या काकांनी सांगितलं, "स्पीकर खाली नको हां, पोरं वायरीत अडकतील. वर ठेवा स्टेजवर." काकांनी माझ्याकडे बघितलं. शोरूममध्ये त्यांनी विचारलं होतं ते याच दिवसासाठी. मी मान डोलावली.

त्या घरी धवलारीण आली होती. गावात लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. ती धवला म्हणते आणि बायका तिची ओळ उचलून पुढे नेतात. हळद दळायची, तेल लावायचं, कुणाचं नाव घ्यायचं, सगळं त्या गाण्यात असतं. म्हातारी सत्तरीच्या पुढची, वाळून काटकी झालेली. आवाज बारीक झाला होता म्हणूनच घरच्यांनी माइक लावला होता. एरवी तिला माइक लागला नसता, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली.

काकांनी यादी सुरू केली. मी शेवटून दुसऱ्या रांगेत, खाली बसलेली.

आवाज आला. मोठा होता, जाड होता. शब्द आला नाही. काहीतरी 'ऊ'वर संपणारं होतं एवढंच कळलं. आवाज माझ्या डोक्यावरून जात होता. मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या पुरुषांपैकी एकजण हसत म्हणाला, "शेपू काय, मटन नाय का?" म्हणजे त्याला स्वच्छ कळलं होतं. उभ्या माणसाला कळत होतं.

तेव्हाच मला शोरूमचा रॅक आठवला.

पदर डोक्यावरून घ्यायला एक क्षण लागतो. काका माझ्याकडेच बघत होते. घेतला असता तर ते आले असते, खाली बसले असते, विचारलं असतं, आणि त्यांना समजलं असतं की मी तेव्हा बसले नव्हते. मला वाटलं गाणं सुरू झालं की कळेल. मला वाटलं म्हातारीचा आवाज वेगळा असेल. माझा हात पदरापाशी गेला आणि मी तो खांद्यावर नीट केला.

काकांनी मान हलवली आणि माइक म्हातारीच्या हातात दिला.

पहिली ओळ तिच्या जवळच्या बायकांनी उचलली, त्यांना ती तिच्या तोंडूनच ऐकू येत होती. मधल्या बायकांनी अर्धीच उचलली. आमच्या रांगेत कुणी उचललीच नाही. एक म्हणाली, "काय बोलली?" दुसरी म्हणाली, "काय ठाऊक." बायका आपसांत बोलायला लागल्या. म्हातारीने दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली. काका मशीनवर हात ठेवून, डोळे मिटून, मला वाटतं आठवणीने ऐकत होते. मध्ये एकदा डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पदर खांद्यावर होता.

म्हातारीने गाणं थांबवलं. माइक मांडीवर ठेवला.

"माझं बोल कोनाला कलत न्हाय," ती म्हणाली. "मंग मी मांडवाच्या बांबूला सांगू क काय?"

आणि ती उठली. हळद अर्धी दळलेली, जात्यावर दोघींचे हात तसेच. नवऱ्या मुलाचे काका स्टेजपाशी आले. "ओ साऊंडवाले! ऐकू येतं क न्हाय तुमाला? बहिरं हाव काय?" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आन ही बाय तुमची ना? ही कशाला बसवलीव हितं? ए बाय, तुला सांगता आला न्हाय?"

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. माझा घसा बंद होतो म्हणून मी वर लिहिलं आहे. त्या दिवशी नाही झाला. माझा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला, माइकशिवाय.

"मी केव्हाची सांगतेय," मी म्हटलं. "त्यांनाच ऐकू येत नाही. कान गेलेत त्यांचे."

माझं वाक्य काकांना ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. पण मांडवातली सगळी तोंडं माझ्याकडून त्यांच्याकडे वळली, ती त्यांनी पाहिली. दाराशी कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "बहिऱ्याला आणलाय साऊंडला!"

काका स्टेजवर चढले, खांब सोडवला, डबा स्वतः उचलून खाली आणला. "जरा सरकता का, आई," असं म्हणत बायकांच्या मधून गेले आणि खाली ताडपत्रीच्या कडेला खांब पुन्हा उभा केला. वायरीवर सतरंजी टाकली. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. मग माइक तोंडाशी धरून म्हणाले, "शेपू."

शेवटच्या रांगेपर्यंत शेपू आला.

ते म्हातारीपुढे जाऊन बसले, जमिनीवर, त्या गुडघ्यांनी. काय बोलले ते माइकवर नव्हतं. पण म्हातारी परत बसली आणि तिने धवला पहिल्यापासून घेतला. सगळ्या बायकांनी प्रत्येक ओळ उचलली. मीही उचलली, मला तर ते गाणं माहीतही नव्हतं. खांबाची चूक चार मिनिटांत सुधारली.

परत येताना रिक्षात खांब माझ्या बाजूला होता, काका पुढे. पूल चढताना ते मागे वळले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी विचारलं, "ताई, शोरूममध्ये खाली बसला होतात ना?"

मी म्हटलं, "हो काका."

"बरं," ते म्हणाले. आणि पुढे बघायला लागले.

त्यानंतर त्यांचं काम एकेक करून बंद झालं. मोरव्यातलं बोलणं पूर्वेला यायला आठवडाही लागला नाही. ज्या घरी मी पोळ्या करते तिथल्या ताईंनीच मला सांगितलं, "अगं, आमच्या बारशाला त्या काकांना सांगणार होतो, पण ते म्हणे बहिरे आहेत. कळलं का तुला?" मी पोळी उलटत होते. म्हटलं, "असं का?" काकांनी मला बोलावलं नाही आणि मी गेले नाही. त्यांची गल्ली टाळायला मी भाजीबाजाराकडून फिरून जायचे. तिथे शेपूच्या जुड्या लावलेल्या असायच्या.

सहा महिन्यांनी एका दुपारी मी मीरा रोडला गेले. दाराबाहेर चप्पल काढली. आत गेले आणि त्या माणसाला सांगितलं, "वो दोनों खंबा फिर से सुनना है." त्याने मला ओळखलं नाही. मी मागे गेले, रॅकच्या अलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी, आणि मांडी घालून बसले.

"आंटी, नीचे क्यों? स्टूल देता हूँ."

"नको. आप कुछ भी बोलो."

तो मोबाइलवरचं काहीतरी वाचायला लागला. सरळ खांबावरून नुसता आवाज आला. वाकलेल्या खांबावरून शब्द आले. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. कुणी हसलंही नाही. एवढंच होतं ते.

तिथून मी तशीच काकांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. "आलीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुलाही ऐकू येईनासं झालं." आणि आत गेल्या.

खांब कोपऱ्यात उभा होता, त्यावर जुनी चादर टाकलेली. काका खुर्चीत बसले होते. त्यांच्या उजव्या कानात छोटं मशीन होतं. माझी नजर गेली तसे म्हणाले, "आता लपवायचं काय राहिलं? मग घेतलं. कुकरची शिट्टी ऐकू येते, ताई. भयंकर असते."

मी दारातच उभी होते. घरातून निघताना पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "काका, मी खाली बसले नव्हते. शोरूममध्ये. रॅकच्या मागे उभी होते."

"माहीत आहे."

"कसं?"

"रॅकच्या खालून तुमचे पाय दिसत होते. अनवाणी." "मला हलका हवा होता. तुम्ही दोन्ही सारखे म्हणालात, ते मला सोयीचं होतं. दोन किलोंसाठी मीही ऐकलं नाही. त्यात तुमची एकटीची चूक नाही."

"आणि पदर? आणि मांडवात मी जे बोलले ते?"

काकू चहा घेऊन आल्या आणि सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या.

"मग रिक्षात का विचारलंत," मी म्हटलं, "माहीत होतं तर?"

त्यांनी कानातलं मशीन थोडं नीट केलं आणि म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

मी चहा घेतला. घरी येताना मला कळलं. मोरव्याहून भाईंदर पूर्वेला यायला त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली होती. पुलावर त्यांनी विचारलं आणि मग पुढे बघत राहिले. ती उरलेली सगळी मिनिटं त्यांनी मला खरं बोलायला ठेवली होती. मी बाहेर रस्त्याकडे बघत बसले होते, खांबाला हाताने धरून, पडू नये म्हणून.